स्वतःच्या रानातील झाड तोडावे काय?

झाडाझुडपांना आपले नातलग म्हणणारा तुकोबारायांचा अभंग ज्याला येत नाही असा वारकरी सापडणे कठीण. फडावर टाळकरी तो म्हणतात, शाळेतली पोरे म्हणतात, आणि वनमहोत्सवाच्या फलकावरही तो रंगवलेला असतो. तोच अभंग तोंडपाठ असलेला आमचा शेतकरी बंधू सप्ताहाच्या गावी पंगतीआधी हळूच जवळ सरकतो आणि विचारतो, "महाराज, बांधावर सागाची बावीस झाडं आहेत, आजोबांनी राखलेली. व्यापारी रोज दारात येतो. थोरलीचं लग्न आलंय, सोसायटीचं देणं आहे. तोडली तर पाप लागेल का हो?"

असे विचारणारे आम्हांस एका गावी नव्हे, दहा गावी भेटले. कोठे साग असतो, कोकणात ऐन-किंजळ असते, कोठे विहिरीवरचा म्हातारा आंबा. प्रश्न एकच. याला 'पाप लागेल' म्हणून उत्तर देणे सोपे आहे, कारण लग्न आमच्या मुलीचे नाही. 'खुशाल तोडा' म्हणणे त्याहून सोपे, कारण झाड आमच्या आजोबांनी लावलेले नाही. म्हणून या प्रश्नाचा विचार जरा नीट, शास्त्राच्या रीतीने, पूर्वपक्ष मांडून करावा असे मनात आले.

पहिला पूर्वपक्ष असा की, वृक्षच्छेद हा सर्वथा वर्ज्य आहे. याला आधार थोडा नाही. मत्स्यपुराणात उतरंड सांगितली आहे ती अशी: दहा विहिरींच्या तोलाची एक बारव, दहा बारवांच्या तोलाचा एक डोह, दहा डोहांच्या तोलाचा एक पुत्र, आणि दहा पुत्रांच्या तोलाचा एक वृक्ष. पुत्र बापाला विचारील न विचारील, झाड मात्र कोणालाही सावली देते. आणि आमच्या माउलींनी तर ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसेचे निरूपण करताना वृक्षाविषयी जो शब्द घातला आहे तो वाचून आजही जीव कळवळतो. ज्याला जगात कोणी शत्रूच नाही, अशा त्या झाडाच्या अंगोपांगी औषधाच्या निमित्ताने चिरा पाडल्या जातात, मुळे खणली जातात, साल सोलली जाते, हे माउलींना सोसवले नाही. मग वारकऱ्याने कुऱ्हाड हाती कशी धरावी?

पण हा पक्ष पुरा टिकत नाही. आपल्या गळ्यातली माळच पाहा. ती तुळशीच्या लाकडाची आहे. मण्याला भोक पाडायला लाकूड लागते, आणि लाकूड कोठून तरी यावे लागते. वीण्याचा दांडा लाकडाचा, पखवाजाचे खोड लाकडाचे, नांगराचा इसाड लाकडाचा, देवघराची चौकट लाकडाची. जन्मल्यावर ज्या पाळण्यात घातले तो लाकडाचा, आणि शेवटी ज्याच्यावर निजायचे तेही लाकूडच. हे सगळे घ्यायचे आणि तोडणाऱ्याला तेवढे पापी म्हणायचे, हा कोणता न्याय? अरणगावच्या सावतोबांनी मळ्यातच पांडुरंग पाहिला. पण त्यांनी मळा नुसता पाहिला नाही. पेरला, राखला आणि वेळ झाली तेव्हा काढलाही. काढण्याला दोष असता तर सावतोबांचा मळा ओसच पडला असता.

मात्र माळेचा दाखला दिला तो पुरा द्यावा. माळेसाठी हिरवी, मंजिऱ्यांनी डवरलेली तुळस कोणी तोडीत नाही. वाळलेली, आयुष्य संपलेली तुळस घेतात आणि तिचे मणी करतात. म्हणजे वारकऱ्याच्या गळ्यात लाकूड आहे ते घेण्याची रीत सांगत आहे. केव्हा घ्यावे, किती घ्यावे, याची खूण तेथेच आहे. (हल्ली बाजारात तुळशीच्या नावाखाली भलत्याच लाकडाचे मणी रंगवून विकतात, तो विषय निराळा.)

आणि माउलींच्या त्या प्रकरणातला मुख्य डंख आपण बहुधा वाचून सोडून देतो. माउली तेथे एक दृष्टांत देतात. झाडाच्या फांद्या तोडायच्या आणि त्याच फांद्यांचे त्या झाडाभोवती कुंपण घालायचे! रक्षणाचे नाव घेऊन नाश करायचा. धर्माच्या पांघरुणाखाली केलेल्या हिंसेची माउलींनी ही थट्टा केली आहे. आता आजचे पाहा. बांधावरचे बावीस साग विकून लग्न करायचे, आणि त्या लग्नात पाहुण्यांना दोनशे रोपे वाटायची. फोटो काढायचे. मंडपावर तुकोबांचा अभंग लिहायचा. रोपे कोणाच्या अंगणात वाळून जातात ते कोणी पाहत नाही. फांद्यांचे कुंपण म्हणतात ते हेच. तोडायचे तर तोडा, पण तोडताना आपण झाड वाचवीत आहोत असे सोंग करू नका.

दुसरा पूर्वपक्ष याच्या उलट आहे. हा बोलून दाखवीत नाहीत, पण मनात असतो. झाड माझ्या रानात, रान माझ्या सातबाऱ्यावर, तेव्हा तोडीन नाही तर ठेवीन. एका गावी एका हुशार गृहस्थाने तर आम्हांस गीतेचाच दाखला दिला. "पंधराव्या अध्यायात खुद्द भगवंत अश्वत्थ तोडायला सांगतात की!" मंडळी हसली. आम्हीही हसलो. भगवंतांनी सांगितलेला अश्वत्थ संसाराचा आहे, आणि तो तोडायचे शस्त्र म्हणून असंग सांगितला आहे. आसक्ती सोडणे हीच तेथली कुऱ्हाड. व्यापाऱ्याच्या नोटा मोजताना जो असतो तो असंग नव्हे.

'माझे' या शब्दाची थोडी चौकशी केली पाहिजे. सागाचे बी आजोबांनी टाकले असेल, किंवा ते आपोआपही उगवले असेल. पाऊस आपण पाडला नाही. आंब्याचा बाठा कधी माणसाने टाकलेला असतो, कधी माकडाने. वडा-पिंपळाचे बी तर पाखराच्या पोटातून जाऊन रुजते. आपण केले काय? राखले. गुरे आत येऊ दिली नाहीत, वणवा लागला तर विझवला. म्हणजे आपण राखणदार. राखणदाराला त्याच्या राखणीचा वाटा आहे, हे मान्य. पण राखणदार म्हणजे धनी नव्हे.

हे केवळ कीर्तनातले बोलणे नाही. राज्यकर्त्यांनीही प्राचीन काळापासून हेच धरले आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नगराच्या उपवनातल्या फुला-फळाच्या वा सावलीच्या झाडाचा कोंब खुडला तर सहा पण दंड, लहान फांदी तोडली तर बारा, मोठी तोडली तर चोवीस, आणि खोडाला हात घातला तर त्याहून मोठा दंड सांगितला आहे. आणि आपल्या महाराष्ट्रात १९६४ सालापासून झाडे तोडण्याच्या नियमनाचा कायदा आहे. त्याच्या यादीत साग, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, मोह, हिरडा, खैर, चंदन, ऐन, किंजळ, अंजन अशी झाडे आहेत. ही झाडे खासगी रानातली असली तरी परवानगीवाचून तोडता येत नाहीत. अर्ज करावा लागतो, सातबारा जोडावा लागतो, हद्दीची खात्री होते, वनखात्याचा माणूस पाहून जातो. आणि तोडल्यावरही लाकूड गाडीत घालून हलवायचे तर वाहतुकीचा परवाना निराळा. शहरातल्या झाडांना १९७५ चा स्वतंत्र कायदा आहे. त्याच साली, ३० ऑगस्ट १९७५ पासून, पुष्कळशी खासगी वने शासनाकडे गेली. तेव्हा आपल्या सातबाऱ्यावर वनाची काही नोंद आहे काय, हे ज्याचे रान डोंगराला लागून आहे त्याने आधी पाहावे. आणि १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवले की, वन म्हणजे जे वनासारखे आहे ते वन, मालकी कोणाची का असेना. बांबूला मात्र मोकळीक मिळाली आहे. १९२७ च्या वनकायद्यात २०१७ साली दुरुस्ती होऊन वनाबाहेरचा बांबू झाड या व्याख्येतून वगळला गेला.

व्यापारी म्हणतो, "कागदपत्राचं आम्ही बघतो, तुम्ही फक्त सही करा." या वाक्यापासून सावध राहावे. सही तुमची, झाड तुमचे, आणि कोऱ्या कागदावर पुढे काय चढेल ते पांडुरंगच जाणे. शेजारच्या सरकारी जंगलातले चार ओंडके तुमच्या परवान्यावर निघून जातात आणि चौकशीला तुम्ही उभे राहता.

या ठिकाणी आणखी एक गोष्ट बोलणे भाग आहे, जी सप्ताहात बोललेली मंडळींना फारशी रुचत नाही. रान वडिलोपार्जित असेल तर त्यातले झाड एकट्या भावाचे नाही, आणि सगळ्या भावांचेही नाही. ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती होऊन मुलीलाही वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा हक्क आहे. जमिनीची वाटणी करताना बहिणीची सही घेतात, कारण तलाठी विचारतो. झाड विकताना कोणी विचारीत नाही. ज्या सागाखाली ती लहानपणी खेळली तो गेल्याचे तिला माहेरी आल्यावर कळते. एका मुलीच्या लग्नासाठी झाड तोडायचे आणि दुसऱ्या मुलीला, म्हणजे आपल्याच बहिणीला, न विचारता तोडायचे! ही चोरीच आहे. कुऱ्हाडीचे पाप लागते की नाही याची चिंता करणाऱ्याने ही चिंता आधी करावी.

आता सिद्धांताकडे येऊ.

शिवछत्रपतींच्या राजनीतीचे सार रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास आज्ञापत्रात लिहून ठेवले. त्यातले आरमाराचे प्रकरण आम्हांस धर्मशास्त्राच्या एखाद्या अध्यायाइतके थोर वाटते. गलबते बांधायला लाकूड पाहिजे. सागवान आपल्या रानातले आज्ञा घेऊन तोडावे, कमी पडल्यास परमुलखातून विकत आणावे. आंबा-फणसाचे लाकूडही आरमाराला उपयोगी, पण त्याला हात लावू नये. का? तर ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. ती तोडली तर त्यांच्या दुःखाला पारावार राहणार नाही, आणि एकाला दुःख देऊन केलेले काम करणाऱ्यासकट लयाला जाते. एखादे झाड फारच जीर्ण होऊन कामातून गेले असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन, त्याच्या संतोषाने तोडून न्यावे. बलात्कार करू नये. असा त्या प्रकरणाचा मतलब आहे.

यात काय सापडते पाहा. तोडूच नये असे नाही, कारण राज्याला आरमार पाहिजे. वाटेल तसे तोडावे असेही नाही, आणि हे सांगणारे स्वतः राज्यकर्ते आहेत, ज्यांना अडवणारा कोणी नव्हता. कसोट्या ठेवल्या त्या अशा: झाड कोणते, त्याचे वय काय, गरज किती खरी, आणि ज्याचे मन त्या झाडात गुंतले आहे तो राजी आहे काय.

दुसरा दाखला आळंदीचा. तो वारकऱ्यांना नव्याने सांगायला नको, पण आम्हांस त्याचा अर्थ या प्रश्नात फार उपयोगी पडला. माउलींच्या समाधिस्थानी अजानवृक्षाची मुळी वाढून माउलींच्या कंठाला लागली, तेव्हा माउलींनी नाथांना स्वप्नात येऊन सांगितले की येऊन ती मुळी काढा. नाथ पैठणाहून आळंदीस आले. आता विचार करा. खुद्द माउलींच्या गळ्याला बोचणारे झाड! दुसरा कोणी असता तर संतापाने ते बुडासकट उपटून काढले असते, आणि वर भक्तीचे काम केले म्हणून सांगितले असते. नाथांनी तेवढी मुळी काढली. वृक्ष राहू दिला. आज आळंदीत त्याच्याच सावलीत ज्ञानेश्वरीचे पारायण चालते. जेथे नड आहे तेथे तेवढेच काढायचे, ही नाथांची रीत. नाथ मुळी काढायलाही कचरले नाहीत, हेही विसरू नये.

म्हणून बावीस सागवाल्या बंधूंना आम्ही जे सांगितले ते असे. लग्नाला किती लागते ते आधी ठरवा, झाडे किती ते मागाहून. मंडप, वाजंत्री आणि पाचशे पानांची पंगत यांसाठी आजोबांचा साग तोडणे हे अनुचित. देणे असेल, दुखणे असेल, घराला तुळई पाहिजे असेल, तर तोडण्यात दोष नाही. मग बावीसांमधली निवड करा. वाकडी, शेंडा वाळलेली, मोठ्याच्या दाटीत खुरटलेली आधी पाहा. पुढे चांगले बी देतील अशी सरळ, धष्टपुष्ट दोन-चार झाडे कायमची राखा. व्यापारी नेमकी तीच मागेल. ओढ्याच्या काठची आणि उताराची तर मुळीच देऊ नका.

उताराविषयी थोडे सविस्तर बोलले पाहिजे, कारण हा प्रश्न आपल्या पंढरीपर्यंत पोचतो. चंद्रभागा म्हणजे भीमा, आणि भीमा निघते भीमाशंकराच्या रानातून. इंद्रायणी येते लोणावळ्याच्या बाजूने. आषाढीला आपण ज्या पाण्यात स्नान करतो त्याचा पहिला थेंब कोठल्यातरी डोंगरउतारावर, कोणाच्या तरी रानात पडलेला असतो. तेथे झाड असेल तर तो थेंब पानावर फुटतो, पाचोळ्यात जिरतो, मुळांच्या वाटेने जमिनीत जाऊन महिन्यांनी झऱ्यात येतो. झाड नसेल तर तो माती घेऊन त्याच दिवशी ओढ्यात धावतो. भीमाशंकराच्याच परिसरात, आंबेगाव तालुक्यात, ३० जुलै २०१४ रोजी माळीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेच्या आसपास माणसे गाडली गेली. पावसाने डोंगर भिजला होता हे खरेच. पण झाडे गेलेले आणि खणून सपाट केलेले उतार याविषयीही जाणत्यांनी तेव्हा बोट दाखवले. आम्ही कोणावर दोष ठेवीत नाही. गेलेल्यांच्या नावाने एवढेच म्हणतो की, उतारावरच्या झाडाची किंमत घनफुटात करता येत नाही.

घनफुटाचे नाव निघाले तर तोही हिशेब सांगू. कीर्तनकाराने हे कशाला सांगावे, असे कोणी म्हणेल. पण फसणारा आणि फसवणारा या दोघांचाही परमार्थ बिघडतो, म्हणून सांगतो. लाकडाच्या धंद्यात ओंडका मोजण्याची जुनी रीत अशी की, मध्यावरचा घेर घ्यायचा, त्याचा चौथा हिस्सा करायचा, त्या हिश्शाला त्यानेच गुणायचे आणि मग लांबीने. चार फूट घेराचा दहा फूट लांब ओंडका असेल तर चौथा हिस्सा एक फूट. म्हणून माप दहा घनफूट. पण गोल ओंडक्याचे खरे घनफळ गणिताने काढले तर ते पावणेतेराच्या जवळ येते. म्हणजे शंभरातले एकवीस-बावीस भाग मापातच गेले. याला लबाडी म्हणता येत नाही, कारण साल आणि कापताना निघणारे पाखे वाया जातात ही समजूत त्यात आहे, आणि दोघांना ठाऊक असेल तर तो बाजाराचा रिवाज. पण विकणाऱ्याला ठाऊक नसते! त्यात व्यापारी साल काढून घेर धरतो, फूट पुरा न झाल्यास वरचे इंच सोडून देतो, आणि वर म्हणतो, "मामा, तुमच्यासाठी म्हणून एवढा भाव." बहुधा तर मापच नसते. उभी झाडे पाहून उक्ता आकडा सांगितला जातो. उक्ते विकू नये असे नाही, पण आपल्या हाताने दोरी लावून आधी घेर मोजावा, मग आकडा ऐकावा.

त्याच हिशेबातून दुसरी गोष्ट निघते. दोन फूट घेराच्या दहा फुटी ओंडक्यात अडीच घनफूट लाकूड भरते; घेर दुप्पट झाला की दहा घनफूट, म्हणजे चौपट. शिवाय कोवळ्या सागात बाहेरचे पांढरे लाकूडच फार, आणि त्याला कीड लवकर लागते. टिकतो तो आतला गाभा, आणि गाभा वयानेच वाढतो. जो घाईने पंधरा वर्षांचा साग विकतो तो लोभापायी तोटा करून घेतो. १९९० च्या दशकात सागवानाच्या लागवडीच्या नावाने कंपन्या निघाल्या होत्या, थोड्या वर्षांत पैशाचे ढीग दाखवीत होत्या. पुष्कळांचे पैसे बुडाले. साग वाढण्याची घाई करीत नाही.

डोंगरातल्या आदिवासी बांधवांना तर या मापाने फारच नागवले. मोहाच्या दिवसांत चार पायली धान्य देऊन सागाची उभी झाडे लिहून घेणारे ठेकेदार आमच्या वडीलधाऱ्यांनी पाहिले होते. अखेर १९६९ साली निराळा कायदा करावा लागला की, अनुसूचित जमातीच्या खातेदाराची झाडे वनखात्यामार्फत तोडून विकावी आणि रक्कम त्याला मिळावी. ज्या देशात नातलगांचे अभंग गातात त्या देशात असा कायदा करावा लागावा, ही शरमेची गोष्ट आहे. कोणी वारकरी बंधू लाकडाचा व्यापार करीत असेल तर त्याने आपल्या गळ्यातल्या माळेकडे पाहून दोरी लावावी. वखारीत बसणारा तोही आमच्याच दिंडीत चालतो, हे आम्हांस माहीत आहे.

व्यवहार ठरला की कोणती झाडे द्यायची ते लिहून घ्यावे आणि प्रत्येकाला गेरूचा वा रंगाचा पट्टा मारावा. एक छातीएवढ्या उंचीवर आणि एक अगदी बुडाशी. वरची खूण ओंडक्याबरोबर जाते, बुडाची राहते. म्हणजे मागाहून खुंट मोजले की सांगितले त्याहून जास्त तोडली काय ते समजते. कोकणात, जेथे डोंगरचे डोंगर खासगी आहेत, तेथे सपाटून तोड देण्याची चाल पडली आहे. जळाऊ म्हणून गाड्या भरभरून जातात, ऐन-किंजळाची रोपटीसुद्धा राहत नाहीत. याला आम्ही झाड तोडणे म्हणत नाही. शेतात बियाण्याचेही धान्य खाऊन टाकणे म्हणतात, त्यातलाच हा प्रकार.

वेळेचाही विचार आहे. पाने गळून झाड निवांत झाले की, म्हणजे मार्गशीर्षापासून फाल्गुनापर्यंत, साग तोडणे बरे. पावसाळ्यात तोडल्यास रान तुडवले जाते आणि लाकूडही लवकर बिघडते. वराहमिहिराने बृहत्संहितेत मूर्तीसाठी झाड तोडण्याचा विधी सांगितला आहे. आदल्या रात्री झाडाची पूजा करून, त्यावर वस्ती करणारांनी दुसरीकडे जावे अशी प्रार्थना करायची. कोणी म्हणेल, ही भुताखेतांची समजूत. असेना. पण झाडावर वस्ती असते हे तर खरे ना? आदल्या दिवशी जाऊन वर पाहणारा माणूस घरटे पाहतो, ढोल पाहतो, मोहळ पाहतो. कोकणात आणि सह्याद्रीत धनेश पक्ष्याची मादी अंडी घालायच्या वेळी ढोलीत शिरून दार लिंपून घेते, आणि नर बाहेरून तिला फळे आणून भरवतो. अशा झाडावर कुऱ्हाड पडली तर नर फळ चोचीत धरून येतो आणि ढोली शोधीत राहतो. अशा ढोली असतात त्या म्हाताऱ्या, पोकळ झालेल्या झाडांत. म्हणून आज्ञापत्रात जीर्ण झाड घेण्यास मोकळीक असली, तरी जीर्ण झाड पाहतानाही वर नजर टाकावी. आपल्याला निकामी झाले म्हणजे सर्वांनाच झाले असे होत नाही. म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीतही लोक हीच गफलत करतात, पण तो विषय येथे वाढवीत नाही.

देवराईचे तर बोलायलाच नको. देवाच्या नावाने पूर्वजांनी सोडलेले रान, तेथली वाळकी काटकीही घरी न्यायची नाही असा जेथे नेम आहे, तेथे आमचे मत विचारू नये. देवळाच्या जीर्णोद्धारासाठी देवराई तोडू का, असे पत्र एका गावाहून आले होते. देवाचे घर बांधण्यासाठी देवाचे रान! फांद्यांच्या कुंपणाचा माउलींचा दृष्टांत त्यांना लिहून पाठवला.

तोडल्यावर एक काम उरते आणि ते व्यापारी करीत नाही, आपणच करायचे असते. सागाचा खुंट मरत नाही, त्याला फुटवे येतात. म्हणून झाड जमिनीलगत, साल न फाटता, तिरके तोडून घ्यावे म्हणजे खुंटावर पाणी साचत नाही. खुंट खणून काढू नये आणि त्यावर पाचोळा पेटवू नये. पहिल्या पावसात भोवताली पुष्कळ कोंब येतील. दोन पावसाळे तेथे शेळ्या-गुरे फिरकू देऊ नयेत. दुसऱ्या वर्षी त्यातला जमिनीपासून निघालेला एक, फार तर दोन, जोमदार कोंब ठेवून बाकीचे हलक्या हाताने काढावे. बाजारातून आणलेल्या रोपाला जेथे मूळ धरायलाच दोन-तीन वर्षे लागतात, तेथे हा कोंब आजोबांच्याच मुळावर उभा असतो आणि भराभर वर जातो.